मतं एकशे बारा, नळ सत्तावन्न

“वैनी, फोनात नसल्याली माणसं बी पाणी भरत्यात की!”

मित्रांनो, सयाजीमामांचं हे बोलणं मी अगदी जवळून ऐकलं. तेव्हा मी अवंतिकाच्या हातात होतो. ती हसली आणि म्हणाली, “मामा, आता कोणाकडे फोन नाही ते सांगा. कोथिंबीर विकणारी मावशीसुद्धा फोनवर पैसे घेते!” मामा आमच्या भागात पाणी सोडायचं काम करतात. त्यांनी खांद्यावरची लांब लोखंडी चावी सावरली आणि पुढच्या गल्लीकडे निघून गेले. त्या सकाळी अवंतिकाने त्यांचं ऐकलं असतं, तर एका म्हातारीचा हात मोडला नसता.

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेवर डाव्या कोपऱ्यातून एक तडा गेलेला आहे आणि माझं चार्जिंग दुपारपर्यंतही पुरत नाही. पण मीही एकेकाळी नवा कोरा होतो. एका मोठ्या कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्यात बॅटरी बसवली. तिचा चेहरा मी पाहिला नाही, फक्त बोटं आठवतात. तिथून खोक्यात बसून मी कोल्हापुरात आलो आणि शाहूपुरीतल्या एका दुकानात काचेमागे उभा राहिलो. अवंतिका सातव्या महिन्यात असताना तिच्या नवऱ्याने मला विकत घेतलं. “काही वाटलं तर लगेच फोन कर,” असं सांगून त्याने मला तिच्या हातात ठेवलं, आणि मी शिवाजी पेठेतला झालो.

अवंतिकाला सतत काही ना काही वाटतच असे. अवनीचा जन्म झाल्यावर तर विचारूच नका! बाळ दोनदा शिंकलं तर काय, बाळाने बटण गिळलं असेल तर ते कसं ओळखायचं, बाळ फार शांत झोपलं तर उठवून बघावं का... तिने मला काय काय विचारलं याची यादी मी देणार नाही. माणसाची भीती चारचौघांत उघडी करू नये, एवढं मलाही कळतं. पण ही बाई डोळ्यांत तेल घालून आपल्या लेकराला जपते, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

अवनी चार वर्षांची झाली त्या वर्षी आमच्या गल्लीत नवी पाइपलाइन आली. पाणी रोज एकच तास येणार होतं. सकाळी सहाला हवं की दहाला, ते गल्लीनेच ठरवून कळवा, असा निरोप पाण्याच्या ऑफिसातून आला. आधी पंधरा दिवस करून बघायचं आणि मग वेळ कायमची ठरवायची, असं होतं.

अवंतिकाला दहाची वेळ हवी होती. आजवर पाणी सहालाच यायचं, आणि शेजारच्या पाण्याच्या मोटारी घरघरायला लागल्या की अवनी दचकून उठायची आणि दिवसभर किरकिरायची. पण अवंतिका शिकलेली. आपल्याला हवं म्हणून तिने परस्पर कळवलं नाही. सगळ्यांना विचारायचं ठरवलं आणि माझ्यावरच्या तालमीच्या ग्रुपमध्ये मतदान टाकलं. सयाजीमामा ते फोनाचं वाक्य बोलले, ते त्याच सकाळी.

इथेच घोटाळा झाला. आमच्या कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि हा ग्रुप मुळात त्यासाठीच झालेला. संघाची मॅच कधी, झेंडे कुणी आणायचे, कुणाचा गोल ऑफसाइड होता, यावर त्यात वर्षभर रणधुमाळी चाले. हळूहळू त्यातच वाढदिवस आले, दहाव्याचे निरोप आले, वीज गेल्याच्या तक्रारी आल्या आणि सगळ्यांना वाटायला लागलं, ग्रुप म्हणजेच गल्ली.

मतं तर धडाधड पडली! एकशे बारा. त्यातली त्र्याऐंशी दहाच्या बाजूने. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! माझ्या एवढ्याशा काचेवर आख्खी गल्ली बोलते आहे असं मला वाटत होतं. तालमीत अवंतिकाचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. पुढच्या घरातले पार्श्वनाथकाका माइक हातात घेऊन म्हणाले, “न भांडता आमच्या पेठेत काही ठरलंय, हे पहिल्यांदाच बघतोय!” सगळे खो खो हसले. त्या दिवशी कुणीतरी मला हारासमोर ठेवून माझासुद्धा फोटो काढला.

दहाचं पाणी सुरू झालं. अवनी सकाळी शांत झोपू लागली.

नवव्या दिवशी अवंतिका अवनीला घेऊन तालमीमागच्या बोळातून बालवाडीकडे चालली होती. सव्वादहा वाजले असतील. कळशी आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ कुणीतरी कण्हलं. बोळातल्या चौथ्या घरासमोर धोंडुबाई पाण्यात बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. डावं मनगट उजव्या हातात धरलेलं, लुगडं भिजलेलं.

“आजी! लागलं का हो? थांबा, उठू नका.”

“आरडू नगंस, पोर घाबरंल,” धोंडुबाई दात आवळत म्हणाल्या. “मी काय मेलो न्हाय अजून. तेवढा नळ बंद कर आधी, पाणी वाया चाललंय.”

सून चिमणाबाई कामावर गेली आहे, असं त्यांनी सांगितलं. अवंतिकाने मला बाहेर काढलं आणि भराभर ‘चि’ टाइप केलं. मी शोधलं. चिरमुरेवाले निघाले, चित्रकलेचे सर निघाले. चिमणाबाई नव्हती. मित्रांनो, अवंतिकाच्या घरापासून ते दार पन्नास पावलांवर होतं. ती त्या बोळातून सहा वर्षं ये-जा करत होती. माझ्यात चारशे चाळीस नंबर होते. त्यांत बोळातला एकही नव्हता.

शेजारच्या बाईने निरोप पाठवायची सोय केली. अवंतिका रिक्षाने धोंडुबाईंना दवाखान्यात घेऊन गेली. अवनी मांडीवर आणि मी पर्समध्ये. मनगटाचं हाड मोडलं होतं.

चिमणाबाई धावतपळत आली. ती शाहूपुरीत एका पोळी-भाजी केंद्रात चपात्या लाटते. सकाळी आठला जाते आणि चारला परतते. तिच्या कोपरांना अजून पीठ लागलेलं होतं. प्लास्टर बघून ती बाकावर बसली.

“सहाचं पाणी मी भरून जात होतो, वैनी,” ती म्हणाली. “आत्तीला कळशी उचलू देत नव्हतो. दहाचं कुणी काढलं कुणास ठाऊक! आमाला इचारलं बी न्हाय.”

अवंतिकाने अवनीला घट्ट जवळ घेतलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

“मी काढलं,” ती म्हणाली.

चिमणाबाईने तिच्याकडे पाहिलं. “मग आता तुम्हीच बघा,” एवढंच ती बोलली आणि औषधांची चिठ्ठी घेऊन उठली.

घरी आल्यावर अवंतिकाने मला दोन दिवस पालथं ठेवलं. मी वाजलो तरी तिने उचललं नाही. मला पहिल्यांदाच माझी लाज वाटली. मी खोटं बोललो नव्हतो, पण अर्धंच बोललो होतो. आणि ते पुरतं आहे असं तिला वाटू दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने मला सुलटं केलं आणि ते मतदान पुन्हा उघडलं. मग अंगणातून जाणाऱ्या सयाजीमामांना हाक मारली. “मामा, आपल्या गल्लीत नळ किती?”

“बोळ धरून सत्तावन्न.”

“मग एकशे बारा मतं कुठून आली?”

“ते तुमच्या फोनला इचारा की!” मामा म्हणाले.

तिने एकेक नाव वाचलं. पुण्यात नोकरीला असलेल्या सौमित्रने दहाला मत दिलं होतं. शाहूपुरीतल्या तिघांनी, कारण ते संघाचे पाठीराखे. एकाच घरातल्या पाच भावांनी पाच मतं दिली होती. बायकांची नावं सापडली जेमतेम नऊ. बोळातलं नाव एकही नाही. तिथे घरटी एकच फोन, तोही कर्त्या पुरुषाच्या खिशात, नाहीतर साधा बटणांचा.

पुढच्या सोमवारी वेळ कायमची ठरणार होती. हातात चार दिवस होते.

अवंतिकाला पहिल्यांदा एक सोपी युक्ती सुचली. धोंडुबाईंचा प्लास्टरमधला फोटो काढायचा आणि सगळीकडे पाठवायचा. दिवसभरात वेळ बदलून मिळेल! तिने मला त्यांच्यासमोर धरलंसुद्धा. धोंडुबाईंनी पदर ओढून हात झाकला.

“माझा मोडका हात गावाला कशाला दावतीस? माझं म्हणणं हाय ते सांग. हाताला बघून कीव करतील. म्हणण्याचं काय?”

अवंतिकाने मला खाली ठेवलं. मग विचारलं, “आजी, तुमचा आवाज नुसता भरून घेतला तर चालेल? आवडला नाही तर पुसून टाकीन.”

“भर. पर आधी मला ऐकीव.”

धोंडुबाई बोलल्या. मी ऐकवलं. त्या कान देऊन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “ही कोण म्हातारी बोलाय लागल्या? बरी बोलती की!”

तिथून आमची फेरी सुरू झाली. पहिल्या दिवशी बोळ, नंतर पुढची घरं. चिमणाबाईने संध्याकाळी अवंतिकासोबत यायचं कबूल केलं. तिला दारं माहीत होती आणि माणसंही. नियम तिघांनी मिळून ठरवले, म्हणजे त्या दोघी आणि सयाजीमामा. एका नळाला एक मत. आणि मत त्याचं, जो त्या घरात पाणी भरतो. आवाज विचारून भरायचा, ऐकवायचा, आणि ऑफिसखेरीज कुठेही पाठवायचा नाही.

पार्श्वनाथकाकांच्या दारात मोठी गंमत झाली. ते आरामखुर्चीतूनच म्हणाले, “आमचं दहाच लिहा. मी त्या वेळी आधीच दिलंय मत.”

“काका, घरात पाणी कोण भरतं?” अवंतिकाने विचारलं.

आतून काकूंचा, म्हणजे रत्नाबाईंचा, आवाज आला, “तांब्या तरी कधी भरलाय काय विचार त्यांना! पंचवीस वर्षं झाली, नळ कुठल्या बाजूला आहे ते तरी सांगू दे!”

काका वर्तमानपत्राआड गेले. रत्नाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्यात तोंड घालून, जणू मी बहिरा आहे अशा आवाजात म्हणाल्या, “सहा!”

सत्तावन्न दारं झाली. चौतीस सहाला, एकोणीस दहाला, आणि चौघांनी कधीही चालेल म्हणून सांगितलं. त्या एकोणिसांत अवंतिकाचं स्वतःचं मतही होतं. ते तिने लपवलं नाही.

मग तिने ग्रुपवर लिहिलं. लिहिताना तिचा अंगठा तीनदा अडला. ‘आधीचं मतदान चुकीचं होतं. चूक माझी. गल्ली न मोजता मी ग्रुप मोजला.’ खाली नवा आकडा आणि कसं विचारलं त्याची माहिती.

टोमणे आलेच. ‘मग शाल परत करा वैनी!’ ‘नारळ खाल्ला का अजून आहे?’ पुण्याहून सौमित्रने लिहिलं, ‘माझं मत रद्द? मी पेठेचाच आहे!’ त्यावर कुणीतरी उत्तर दिलं, ‘मग ये आणि भर दोन घागरी!’ त्यानंतर ग्रुपमध्ये हसण्याचा नुसता पूर आला आणि राग वाहून गेला.

सोमवारी चिमणाबाईने अर्धा दिवस रजा घेतली. पाण्याच्या ऑफिसात द्यायच्या अर्जावर सगळ्यात वर तिची सही होती. ऑफिसातल्या साहेबांनी माझ्यातले आवाज ऐकले, सयाजीमामांकडून नळांचा आकडा ताडून घेतला आणि सहाची वेळ कायम केली. धोंडुबाईंना पुन्हा कळशी उचलावी लागली नाही. अवनी परत पहाटे उठू लागली. अवंतिका तिला कडेवर घेऊन नळाशी उभी राहते आणि बोळातल्या बायका तिला आळीपाळीने खेळवतात. पूर्वी याच बायका अवंतिकाला नावाने ठाऊक नव्हत्या.

पुढे अवंतिकाने नवा फोन घेतला. मी ड्रॉवरमध्ये पडलो. शेजारी रबरबँड, जुना थर्मामीटर आणि कुठल्यातरी कुलपाच्या किल्ल्या. सात महिने मला कुणी हात लावला नाही. काचेवर धूळ साचली. वाटलं, संपलं आता आपलं.

पण एके दिवशी ड्रॉवर उघडला. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी पुन्हा घरोघर विचारायचं होतं. अवंतिका म्हणाली, “या कामाला वेगळाच फोन हवा. माझ्या फोनात लोकांचं बोलणं अवनीच्या फोटोंत मिसळायला नको.” तेव्हापासून मी गल्लीचा आहे. वर्षातून तीन-चार वेळा फिरतो. माझ्यात आता सत्तावन्न घरांची माहिती आहे, प्रत्येकाने स्वतः सांगितलेली. निवडणुकीच्या आधी एक गृहस्थ आले होते. “तेवढी यादी द्या की वैनी, उपयोगी पडंल!” अवंतिका म्हणाली, “ती पाण्यासाठी आणि दिव्यांसाठी दिली आहे लोकांनी.” आणि तिने त्यांना चहा दिला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना सांभाळा. आपटू नका, भिजवू नका. पण आमच्यावर सगळं सोपवूही नका. ज्याने आम्हाला हातात धरलंय त्याचाच आवाज आम्हाला ऐकू येतो. बाकीच्यांपर्यंत आम्हाला कुणीतरी चालत न्यावं लागतं.

शेवटचं बोलणं अवंतिकाचं आहे. ती आत्ता माझ्याशेजारी बसली आहे आणि तुम्हाला सांगायला सांगते आहे: तुमच्या गल्लीत किंवा तुमच्या जिन्यात असं एक माणूस नक्की असेल, ज्याचा नंबर तुमच्याकडे नाही. आज त्याच्याकडे जा, पाणी आलं का एवढंच विचारा, आणि दार उघडायला वेळ लागला तर लगेच मागे फिरू नका.