हळद लागलेली पानं

मी आंदर मावळातली एक जुनी गुळवेल आहे, मित्रांनो. चवीला कडू आहे. नुसत्या नावानंच तुमच्यातल्या निम्म्यांनी तोंड वाकडं केलं असेल. करा बापडे, मला सवय आहे.

ठाकरवाडीच्या खालच्या बांधावर एक जुनी जांभळ आहे. तिच्याच अंगाखांद्यावर मी वाढले. वाडीत कोणाला ताप आला की औषधपाणी करणारी धोंडाबाई माझ्याकडे यायची. पण आल्या आल्या कोयता चालवायची नाही. आदल्या दिवशी ओली हळद वाटून माझ्या पानांना लावायची, तांदूळ वाहायची आणि म्हणायची, "उद्या येते गं बाय. गोरखच्या पोरीला ताप हाय." दुसऱ्या दिवशी मधल्या फांदीचं चार बोटं लांब कांड तेवढं न्यायची. बुंध्याला तिनं कधी हात लावला नाही. त्या दिवसांची मला फार आठवण येते.

एका भाद्रपदात कामशेतची प्रतीक्षा आली. ती पुण्याच्या प्रयोगशाळेत शिकत होती. प्रत्येक सजीवाच्या कणाकणात त्याची सगळी घडण बारीक अक्षरांत लिहिलेली असते म्हणे. माझी ती अक्षरं तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची होती. त्यासाठी कोवळी पानं हवी होती. धोंडाबाईला इतका आनंद झाला, की आदल्या दिवशी तिनं एकही पान हळदीवाचून सोडलं नाही. मी नवरीसारखी पिवळी झाले! प्रतीक्षानं पानं पुसली आणि बर्फाच्या पेटीत भरली.

तीन महिन्यांनी ती उतरलेल्या चेहऱ्यानं परत आली.

"मावशी, गुळवेलीच्या पानांत हळद निघाली. तांदूळसुद्धा निघाला. सगळं वाचन वाया गेलं. सरांनी आता एकच संधी दिलीये. या वेळी आधी पानं घेऊ आणि मग पूजा करा."

"आदी घ्यायचं आन् मंग इचारायचं?" धोंडाबाई भडकली. "चोर करत्यात तसं! मला न्हाई जमायचं."

मला दोघींचंही पटत होतं, पण मला थोडंच बोलता येतं? शेवटी धोंडाबाईनंच विचारलं, "नुसतं मुळाशी पानी घातलं, तर चालंल का तुला?"

"चालेल की, मावशी."

तोवर माझी पानं झडायला लागली होती, म्हणून नव्या पालवीपर्यंत थांबावं लागलं. ज्येष्ठात धोंडाबाईनं माझ्या मुळाशी ओंजळभर पाणी सोडलं. रिकाम्या हातानं मागताना ती ओशाळली होती, हे मला दिसलं. दुसऱ्या दिवशी प्रतीक्षानं पानं नेली आणि या वेळी वाचन स्वच्छ झालं.

ती पेढे घेऊन आली. धोंडाबाईनं पेढा हातातच धरून ठेवला.

"समदं लिवून घेतलं, म्हंजी आता ही तोडली तरी चालंल व्हय?"

"नाही हो, मावशी! कम्प्युटरमधल्या अक्षरांचा काढा होत नाही."

तेव्हा कुठे तिनं पेढा तोंडात टाकला.

पुढे वर्तमानपत्रात माझी बातमी आली. माझं भारी कौतुक झालं आणि मीही थोडी फुशारले, खोटं कशाला बोलू? त्याच थंडीत धोंडाबाई गेली. बातमी वाचून लोक गाड्या घेऊन यायला लागले. कोणी पिशवीभर नेलं, कोणी गोणीभर. अखंड लांब वेल हवी म्हणून एकानं मला बुंध्यातूनच तोडलं. त्याला अडवायला बांधावर कोणी नव्हतं.

पण मला जांभळीवरून ओढून काढणं त्याला जमलं नाही, म्हणून मी अजून वरच लोंबकळते आहे. आमची जात चिवट. खालून तोडलं तरी आम्ही वरून सुतळीसारखं मूळ खाली सोडतो आणि ते मातीत शिरलं की पुन्हा जगतो. मीही एक सोडलं आहे. येणारी-जाणारी माणसं गंमत म्हणून ते ओढून बघतात.

मित्रांनो, ते ओढू नका. मातीला टेकायला वीतभरच उरलं आहे.