आरशाच्या रिंगणातले पारवे

नेव्हिल लेगॉटचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते आणि ही गोष्ट त्याची बायको ग्लेनिस हिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. इंग्लंडातल्या लिंकनशर परगण्यातल्या कोठारांत नि गोठ्यांत ठाण मांडून बसलेले पारवे हवेच्या बंदुकीनं टिपायचे, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. आता बंदूक ग्लेनिसच्या हाती आली होती आणि तो बाहेर गाडीत बसून फोनवरून हुकूम सोडायचा. गुडघे गेलेत, असं गिऱ्हाइकांना सांगायचा. ग्लेनिसही ती थाप निमूट चालवून घ्यायची.

त्या सोमवारी दोघं फिलिपा डॅनटच्या तबेल्यावर आली. फिलिपा घोडेस्वारी शिकवते. तिचं छपराखालचं मोठं रिंगण आहे. तुळयांवर नऊ पारवे राहायला आले होते. जाळी लावून झाली, भोंगे वाजवून झाले, ते काही हलेनात. आठवड्यापूर्वी एक पारवा घोड्याच्या कानाजवळून फडफडत गेला, घोडा उधळला आणि एका मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. येत्या शनिवारी स्पर्धा होती.

आत पाऊल टाकलं नि ग्लेनिसनं आधी वर पाहिलं, मग समोर. वर जुने, ठिसूळ सिमेंटचे पत्रे, आणि समोरची अख्खी भिंत आरशांची. स्वारांना आपली बैठक दिसावी म्हणून लावलेले, माणसापेक्षा उंच आरसे. तिनं पिशवीची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. फिलिपानं दिलेला चहा कठड्यावर तसाच निवला.

तोच फोन आला.

"चाक तीनवर ठेव. आणि जड छरे घे, गोल डोक्याचे," नेव्हिल म्हणाला.

बंदुकीच्या बाजूला जोर कमीजास्त करायचं एक चाक होतं, एकपासून चारपर्यंत. चार म्हणजे कायद्यानं चालतो तेवढा पुरता जोर. ग्लेनिस म्हणाली, तीनवर जड छरा पारव्याच्या पार जाईल आणि पत्र्यातही शिरेल.

"आणि कमी जोरावर पारवा नुसता जखमी होऊन लोंबकळेल. ते बघवेल तुला?"

तेही खरंच होतं. ती फोन ठेवून तबेल्यामागे गेली. तिथं जुन्या पत्र्याचा एक तुकडा पडला होता, तो तिनं भिंतीला टेकवला आणि पंधरा पावलांवरून छरे मारून पाहिले. तीनवर जड छऱ्यानं सरळ भोक पाडलं. दोनवर त्यानंच बारीक तडा दिला. मग तिनं सपाट तोंडाचे हलके छरे काढले. दोनवर तो छरा पत्र्यावर चपटा होऊन खाली पडला, पत्र्यावर नुसता करडा ठिपका. पारव्याच्या डोक्याला तेवढा पुरे, पण जवळूनच. शिवाय एवढ्या कमी जोरावर छरा खाली झुकतो, म्हणून तिनं कागदावर ठिपके काढून बंदुकीवरची दुर्बीण नव्यानं जुळवून घेतली. तेवढ्या वेळात फोन चार वेळा वाजला. तिनं उचलला नाही.

फिलिपानं घोडे लांबच्या कुरणात नेले. ग्लेनिस तिपाईवर बंदूक टेकवून तुळयांखाली उभी राहिली. मागे लोखंडी तुळई असेल तर मारायचं नाही, छरा उलटून येतो. मागे लाकूड असेल तेव्हाच. दीड तासात सात पारवे रिंगणात पसरलेल्या भुशात पडले. एकही फडफडला नाही. आठवा पडला तेव्हा तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी तिला बसवेना.

नववा उडाला आणि थेट आरशांच्या वरच्या चौकटीवर जाऊन बसला.

"मार त्याला," नेव्हिल ओरडला. तो आता गाडीतून उतरून दारातूनच बघत होता.

"नाही. खाली आरसा आहे."

"चौकट लाकडाचीच आहे ना? आण इकडे."

लंगडायचंही विसरून तो ताडताड आत आला आणि त्यानं बंदूक तिच्या हातातून घेतली. फिलिपा कुरणातून परतून दारात उभी होती. नेव्हिलनं दस्ता खांद्याला लावला, तिपाईवर नळी टेकवली. तिपाईचे पाय भुशात टकटकू लागले. त्याची नजर वर पारव्याकडे गेली, मग खाली आरशात. तिथं एक म्हातारा बंदूक घेऊन उभा होता आणि त्याचे हात कोपरापासून बोटांपर्यंत थरथरत होते. नेव्हिल बघतच राहिला.

"लेगॉटसाहेब, बसता का जरा?" फिलिपानं हळूच विचारलं.

"बसून बसूनच कंटाळलोय," तो म्हणाला. त्यानं छरा बाहेर काढला, बंदूक ग्लेनिसच्या हातात दिली आणि वाकून मेलेले पारवे गोळा करायला लागला. तोंड धरताना त्याच्या हातातली पिशवी सळसळ वाजत होती. या वेळी त्यानं हातांचं थरथरणं लपवलं नाही.

घरी जाताना ग्लेनिसनं एवढंच सांगितलं की उरलेल्या एकासाठी गुरुवारी जावं लागेल.

गुरुवारी तो गाडीत बसला नाही. तिच्या बाजूचं दार लावून तिला म्हणाला, तू जा.

वाटभर ती फोनकडे बघत होती. बारा मैलांत तो एकदाही वाजला नाही. रिंगणात पोचल्यावर तिनं तो खिशातून काढून कठड्यावर समोरच ठेवला. पारवा पुन्हा चौकटीवरच होता. ती चाळीस मिनिटं उभ्याची बसली, बसल्याची उभी राहिली. दोनदा तिला वाटलं, मारूनच टाकावा, कोण बघतंय. शेवटी तो कंटाळून मधल्या तुळईवर आला. मागे लाकूड होतं. तिनं चाक तपासलं, दोनवरच होतं, आणि चाप ओढला.

मग तिनं स्वतःहून फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"पडला," ती म्हणाली. "दोनवरच ठेवलं होतं. बरोबर केलं ना?"

"मला काय विचारतेस? बंदूक तुझ्याकडे होती," नेव्हिल म्हणाला. मागे बशा आपटल्याचा आवाज आला. तो भांडी घासत होता. "येताना पाव आण. आणि हो, हाफपेनीच्या गिरणीतून फोन आला होता, तिथंही पारवे झालेत. मी सांगितलं, माझे हात कापतात, बायको येईल."