चार वाजून सहा मिनिटांनी

हे बघा, आत्ता चारला माझी मीटिंग संपलीये आणि माझ्याकडे बरोब्बर सहा मिनिटं आहेत, त्यामुळे कोणी मधे बोलू नका. परवा बोलता बोलता मी गायब झाले आणि तुम्ही तिघी फुगून बसलात. मी फोन आपटला नव्हता गं. आमच्याकडे चार वाजून सहा मिनिटांनी नेट जातं. दीड मिनिटाने येतं. ह्याच दीड मिनिटापायी ही नोकरी लागायच्या आधीच गेली होती.

झालं असं, की कंपनीची परीक्षा ऑनलाइन होती. खोलीत एकटीने बसायचं, कॅमेरा चालू, उठायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि नेट तुटलं की पेपर बंद. चारला सुरू झाला, मी तिसऱ्या प्रश्नावर, आणि चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. संपलं. मी त्यांना एवढा रडका मेल लिहिला की त्यांनी दहा दिवसांनंतरची तारीख दिली, पण खाली लिहिलं, ही शेवटची. वेळ तीच, चार. तुमच्याकडे का नाही आले म्हणाल, तर एकीकडे तान्हं बाळ, दुसरीकडे कुत्रा, आणि तिसरी तू, जी आत्ताही गप्प बसत नाहीयेस. आणि मोबाइलच्या नेटला आमच्या घरात फक्त बाथरूमच्या खिडकीत रेंज येते. कॅमेरा चालू ठेवून तिथे बसू का?

तर बाबांनी प्रकरण हातात घेतलं. तुम्हाला माहितीये, बाबांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवतच असतात.

"बाबा, ही लिफ्ट नाहीये," मी म्हटलं.

"वर-खाली जाणाऱ्या सगळ्या वस्तू सारख्याच. अंदाजाने पाना फिरवायचा नाही. आधी नोंद."

म्हणून त्यांनी एक वही घेतली, राउटरसमोर खुर्ची टाकली आणि लिहायला बसले. राउटर कुठे, तर हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या भिंतीला. त्याच्या पलीकडे ओटा. वायर तेवढीच लांब, त्यामुळे तो हलायचा नाही. बाबा सगळं लिहायचे. नेट ठीक. बेल वाजली. नेट ठीक. आईने विचारलं, भाजी कोण आणणार. उत्तर दिलं नाही. नेट ठीक.

आईचं डोकं फिरलं. म्हणाली, "माझं बोलणं कशाला लिहिताय?"

"काय कशामुळे होतंय ते आधी कसं कळणार? सगळं लिहायचं."

"मग हेही लिहा, की भाजी अजून आलेली नाही."

त्यांनी लिहिलं. मी वाचलंय.

चौथ्या दिवशी मी तक्रार करून वायफायवाल्या दादाला बोलावलं, मुद्दाम पावणेचारला, म्हणजे त्याच्या डोळ्यांदेखत जाईल. घरात पाहुणा म्हटल्यावर आईने पातेलं चढवलं, सगळ्यांना चहा केला. चार वाजले, चार वाजून सहा, दहा, वीस. नेट खांबासारखं उभं. दादा म्हणाला, "स्पीड तर मस्त येतोय, ताई. तुम्हाला भास होत असतील." मी त्याला मारणार होते, पण तो चहा पीत होता.

आणि बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आज दूध बदललंय का गं? पाणचट लागतोय."

आई काहीच बोलली नाही. माझी आई. काहीच नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रात्री मी वही वाचायला घेतली आणि माझे डोळे विस्फारले. सोमवार, चार वाजून सहा, नेट गेलं. चार वाजून आठ, चहा आला, उत्तम. मंगळवार, दहा वाजून बारा, नेट गेलं. दहा वाजून चौदा, चहा आला, उत्तम. दादा आला तो दिवस, चहा पाणचट, नेट ठीक.

आता ऐका. आमच्याकडे ओट्यावर, राउटरच्याच भिंतीला टेकलेला मायक्रोवेव्ह आहे, मामाने दिलेला. मामाने दिलाय म्हणून बाबांना तो डोळ्यांसमोर नको. आणि चहाबद्दल तर त्यांचं भाषण ठरलेलं आहे. "त्या खोक्यात गरम केलेला चहा मेलेला असतो. मी डोळे बांधून ओळखेन." आल्या-गेल्याला ऐकवतात. वायफायवाल्या दादालाही ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा केस कापायला गेले तशी मी ग्लासभर पाणी खोक्यात ठेवलं, बटण दाबलं आणि मोबाइलकडे बघत राहिले. नेट गेलं. बंद केलं, आलं. परत दाबलं, परत गेलं. मागे आई उभी.

"बाबांचा चहा तू ह्यात गरम करतेस?"

आईने आधी दाराकडे बघितलं. "हळू बोल."

"कधीपासून?"

"मामाने दिला तेव्हापासून."

"पाच वर्षं?"

"सकाळी एकदा पातेलंभर करून ठेवते. दिवसातून चारदा ह्यांच्या फर्माइशी, प्रत्येक वेळी कोण उभं राहणार गॅसपाशी? आणि ओळखला का कधी? उत्तम म्हणतात. वहीत लिहितात."

मी तिला म्हटलं, परीक्षेच्या दिवशी गॅसवर कर, हात जोडते. ती हो म्हणाली. बाबांना सांगायचं नाही, असं ठरलं. सांगणार तरी कसं? माणसाची पाच वर्षांची अब्रू होती ती.

परीक्षेचा दिवस. दार लावून मी आत, कॅमेरा चालू. चार वाजून पाचला हॉलमधून कपाचा आवाज आला, मग बाबांचा.

"हे काय आणलंस?"

"चहा."

"नेहमीचा नाही हा. आज पुन्हा पाणचट."

आता तुम्ही आईला ओळखता. पाच वर्षं तिने तोंड दाबून ठेवलं होतं, आणि ताजा, स्वतः उभं राहून केलेला चहा नापास झाला. तिचा आवाज एकदम गोड झाला. आईचा आवाज गोड झाला की आमच्या घरात लोक इकडेतिकडे सरकतात.

"नेहमीचा हवाय? थांबा. नेहमीचा आणते."

मला पावलं ऐकू आली. मग खोक्याचं दार, खट्. मी ओरडणार कशी, तोंड उघडलं तर बाद. उठणार कशी, कॅमेरा. चौथ्या प्रश्नाला चार पर्याय होते आणि मला त्यातला एकही वाचता येत नव्हता. बटणाचा आवाज आला.

काहीच झालं नाही. चाक फिरलं नाही. बटण परत वाजलं, मग तीन-चारदा.

"हे चालत का नाहीये?" आई.

"लाइट गेली असेल," बाबा.

"डोक्यावर पंखा फिरतोय तुमच्या."

"स्वयंपाकघरातली गेली असेल. येईल पावणेपाचपर्यंत. बस इथे."

पावणेपाचला माझा पेपर संपत होता.

मी पेपर दिला, दार उघडून बाहेर आले. बाबा राउटरसमोर, रिकामा कप हातात. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्वयंपाकघराचा फ्यूज काढला. लिफ्टवाले करतात ना तसं, कोणी आत काम करत असेल तर फ्यूज काढून खिशात ठेवायचा, म्हणजे तिसरा माणूस बटण दाबणार नाही. चौतीस वर्षांची सवय. त्यांनी फ्यूज जागेवर लावला आणि वहीत लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. चार वाजून सहा. चहा ताजा. पाणचट. प्यायलो. नेट ठीक.

म्हणजे त्यांनी स्वतःची वही स्वतः वाचली होती. कधी, ते देव जाणे.

कप आईच्या हातात देऊन म्हणाले, "झाली तिची परीक्षा. आता नेहमीसारखा कर."

"नेहमीसारखा म्हणजे कसा?" आईने एवढ्या निरागसपणे विचारलं की मी भिंतीकडे बघितलं.

बाबांनी वही मिटली. "उत्तम," म्हणाले. "उत्तम असतो तसा."

आत खोकं घुमायला लागलं, नेट गेलं, आणि आम्ही तिघांनीही राउटरकडे बघितलं नाही.

नोकरी लागली तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, मीटिंग किती वाजता संपते. मी म्हटलं, चारला. म्हणाले, "मग ठीक आहे, सहा मिनिटं हाताशी आहेत." भाषण मात्र अजून चालू आहे हं, मेलेला चहा, डोळे बांधून ओळखेन, सगळं. आई समोर बसून मान डोलावते.

बरं, खुर्ची सरकली, आई उठली वाटतं. शनिवारी कुणाच्या घरी जमायचं ते पटकन सांगा, बाळाकडे नको, आणि कुत्र्याकडे तर मी अजिबात