गाफील माणसाचा बस्ता

आवडाबाईला नवऱ्यासाठी शब्दांचा तुटवडा कधी पडला नाही. तिचे वडील निजामाच्या काळी कचेरीत चपराशी होते. त्यांच्याकडून तिच्या वाट्याला जमीन आली नाही, पण ‘गाफील’ आणि ‘बेखबर’ आले. रामकिसन मीठ आणायला जाऊन चहापत्ती घेऊन आला की तो नुसता वेंधळा. सायकल औरंगपुऱ्यात लावून घरी पायी आला की गाफील. ‘बेखबर’ ती मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवी. चारचौघांत मात्र ‘आमचे मालक जरा आपल्याच तंद्रीत असतात’ एवढंच म्हणे, कारण त्याची अब्रू सांभाळायचं कामही तिच्याकडंच होतं. रामकिसन एका कापसाच्या जिनिंगवर राखणदार होता. जिनिंग अजून जागेवर होती, ही देवाची कृपा.

‘बेखबर’ तिनं शेवटचा वापरला तो मुलीचं, सरूचं, पहिलं स्थळ मोडलं तेव्हा. पाहुणे आले, पोहे झाले, बोलणी जमत आली आणि रामकिसननं मुलाच्या बापाला अगदी आपुलकीनं विचारलं, “तुमचं कुणाकडं काम होतं?” पाहुणे उठून गेले. सरू चुलीपाशी बसून रडली, आणि त्या रडण्याचा आवाज आवडाबाईच्या कानातून काही गेला नाही.

दुसरं स्थळ आलं तेव्हा तिनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मुलगा नोकरीला होता. आईवेगळा, आत्यानं पोटच्या पोरासारखा वाढवलेला. साखरपुड्याला ही आत्या, दगडाबाई, आली नाही. का आली नाही ते मुलाच्या चुलत्यानं, काकासाहेबांनी, भर बैठकीत सांगितलं. नेमका तेव्हाच रामकिसन छताकडं बघत होता आणि आवडाबाई त्याला कोपरानं ढोसून कुजबुजत होती, “अवो, तिकडं ध्यान द्या.” त्यामुळं दोघांनीही काही ऐकलं नाही.

मग बस्त्याचा दिवस आला. लग्नाचं कापड घ्यायला दोन्हीकडची माणसं गुलमंडीतल्या दुकानात गादीवर बैठक मारून बसली. आधी देवाचं वस्त्र निघालं, मग मानाची लुगडी. मानाचं लुगडं मुलीच्या आईनं आपल्या हातानं द्यायचं असतं, आणि त्यात उणं पडलं तर माणसं जन्मभर काढत बसतात. आवडाबाईनं नवऱ्याला घरीच बजावलं होतं, “काय बी बोलू नका. पण ध्यान ठिवा.”

रामकिसन पंख्याकडं बघत होता. आवडाबाई रामकिसनकडं बघत होती. समोर लुगड्यांचा ढीग चढत गेला, तिचा हात त्यात फिरत होता, पण डोळा नवऱ्यावर. दुकानातलं सगळ्यांत उंची लुगडं तिनं ओढून काढलं, गर्द हिरवं, जरीकाठाचं, आणि कोपऱ्यात पदर ओढून बसलेल्या दगडाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

“अक्का, हे तुमच्या मानाचं.”

दुकानदाराचा हात गजावर थांबला. दगडाबाईंनी मान वर केली, पदर मागं सरला. कपाळ मोकळं होतं. हातात एक बांगडी नव्हती.

“दिवाळीत गेले आमचे दाजी,” काकासाहेब खाली बघत म्हणाले. “साखरपुड्यातच सांगितलं होतं मी.”

विधवा बाईला हिरवं. तेही सगळ्यांसमोर, मान म्हणून. आवडाबाईचा डोळा आता कुठं नवऱ्यावरून हलला. सकाळपासून ही बाई चार हातांवर बसली होती आणि आपण एकदा तिच्याकडं नीट पाहिलं नाही. सरूचं हे लग्नही गेलं, आणि या वेळी बोल लावायला नवरासुद्धा नाही.

सगळे गप्प झाले तसं रामकिसनला वाटलं, आपलं मत विचारताहेत. त्यानं पंख्यावरून नजर काढून लुगड्याकडं बघितलं.

“लई झ्याक हाय,” तो म्हणाला. “अक्काला शोभंल.”

काकासाहेबांनी डोळे मिटले. ‘बेखबर’ आवडाबाईच्या ओठापर्यंत आला. दगडाबाई मात्र रामकिसनकडं बघत राहिल्या. दिवाळीपासून जो भेटेल तो आधी त्यांच्या कपाळाकडं बघायचा, मग मान खाली घालायचा, मग दबक्या आवाजात बोलायचा. या माणसानं लुगडं बघितलं होतं.

“खरंच शोभंल?” त्यांनी विचारलं.

“न शोभायला काय झालं?” म्हणून रामकिसन परत पंख्याकडं वळला.

“बांधा,” दगडाबाई दुकानदाराला म्हणाल्या.

“अक्का, अगं लोक काय म्हणतील?” काकासाहेब म्हणाले.

“मान माझा हाय का लोकांचा? बांधा म्हणलं ना.”

बस्ता पार पडला. घरी जाताना रिक्षात आवडाबाईनं विचारलं, “तुम्ही त्यांच्या कपाळाकडं बघितलं नाय?”

“कुणाच्या?” रामकिसन म्हणाला.

लग्नात दगडाबाई तेच लुगडं नेसून आल्या. मांडवातला गलबला एकदम उतरला. बाया एकमेकींच्या कानाला लागल्या, म्हाताऱ्यांनी चष्मे पुसले. लक्ष नाही असा माणूस शोधून सापडेना. दगडाबाई मांडवाच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या, त्यांना पाऊल पुढं टाकवेना.

रामकिसन तेवढा मांडवाच्या झालरीकडं बघत बसला होता. आवडाबाई उठली, दगडाबाईंच्या हाताला धरून त्यांना घेऊन आली, आपल्या शेजारी बसवलं. आणि मग तीही झालरीकडं बघत बसली.