रविवारचा फोन

"आता एक मिनिट काहीच बोलायचं नाही बाबा," अश्वजीत म्हणाला आणि त्याने लाल बटण दाबलं.

मोतीराम खुर्चीत ताठ बसले होते, फोटो काढून घ्यायला बसावं तसे. दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर तोंडापासून वीतभर अंतरावर माइक. जबलपूरच्या विजय नगरमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीला एक खिडकी होती, पण अश्वजीतने ती दोन जुन्या गाद्यांनी बुजवून टाकली होती. बाहेर एप्रिलचं ऊन तापलं होतं आणि आत पंखा बंद होता.

मुलाखतीला कुणीही पाहुणा आला तरी पहिलं एक मिनिट तो नुसती खोलीच टिपून घेई. खालून जाणाऱ्या ऑटोची घरघर, फ्रिजचा गुणगुणाट, जे असेल ते. मग संगणकाला हा नमुना द्यायचा, की एवढं सगळीकडून वजा कर. उरतं ते माणसाचं बोलणं. त्याच्या पॉडकास्टचं नावही त्यावरूनच पडलं होतं, 'पहला मिनट'. ते मिनिट मात्र कुणाला कधी ऐकवलं गेलं नाही. काम झालं की तो ते पुसून टाकी.

कानांवरच्या हेडफोनमध्ये त्याला वडिलांचा श्वास ऐकू येत होता. आत जाताना शेवटी बारीक शीळ वाजे. डॉक्टर पूर्णिमांनी अंगठा आणि तर्जनी जवळजवळ चिकटवून दाखवलं होतं, "हवेला एवढीच वाट उरली आहे." सोमवारी कॅन्सर झालेलं स्वरयंत्र पूर्ण काढायचं होतं. त्यानंतर मोतीराम गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेणार होते. "आवाज चाहिए तो अभी भर लीजिए," त्या म्हणाल्या होत्या. "मंडे के बाद नहीं मिलेगी."

मिनिट संपलं.

"बोला बाबा."

"काय बोलू?"

"काहीबी. पवनीचं सांगा. मोठेबाबांचं सांगा. आईचं लग्न कसं झालं ते सांगा."

"माह्याशीच झालं," मोतीराम म्हणाले. आवाज खरखरीत, निम्मा हवेतच विरणारा. त्यांनी माइककडे पाहिलं. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला, खांदे वर उचलले, मान पुढे काढली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "हॅलोऽऽ! कौन बोल रहा है बे? काहून नल बंद है?"

ओरडून झाल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं. जमलं का, असं विचारल्यासारखं.

अश्वजीतच्या हातून हेडफोन निसटून गळ्यात आले.

हे वाक्य त्याचं होतं. त्याने ते चारशेच्या वर विनोदी कार्यक्रमांत म्हटलं होतं. मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये असताना तो दर मंगळवारी एका कॅफेत लोकांना हसवायला मंचावर पाच मिनिटं मिळवण्यासाठी रांगेत उभा राही. तिथे त्याने पहिल्यांदा वडिलांची नक्कल केली. मोतीराम फोनवर ओरडून बोलत, कारण कारखान्यात घणाच्या यंत्राशेजारी त्यांची छत्तीस वर्षं गेली होती, आणि हिंदीत बोलताना मधेच 'क्यों'च्या जागी 'काहून' अशी मराठी घुसवत. त्या पहिल्या मंगळवारी त्याने सगळं होतं तसंच केलं. बाबा फोन उचलतात आणि आधी म्हणतात, "जय भीम."

खोली गप्प झाली. कुणी शिवी दिली नाही, कुणी उठून गेलं नाही. फक्त चहाचे कप बशीत ठेवल्याचे आवाज आले. नंतर आयोजकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाई, बाकी सब मस्त है. बस वो वाला हटा दे. कॉमेडी रख, मैटर मत बना."

पुढच्या मंगळवारी त्याने 'जय भीम'च्या जागी लांबलचक 'हॅलोऽऽ' घातलं. खोली हसून लोटपोट झाली. मग तो तुकडा मोबाइलवरून गावोगाव फिरला. इंदूर, भोपाळ, पुणे, सगळीकडे लोक तेवढंच मागत. मोतीराम निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यात साहेबांनी हार घातला आणि म्हणाले, "मोतीराम जी, वो बेटे वाला सुनाइए ना!" मोतीरामांनी हार घालूनच ते ऐकवलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, अश्वजीतने तो स्वतःच्या पानावर टाकला. 'असली माल' असं वर लिहिलं होतं.

पुढे कोरोनाची साथ आली, कार्यक्रम बंद पडले आणि तो जबलपूरला परतला. या खोलीत गाद्या लावून लोकांना बोलतं करू लागला. कुणाचा मुलगा नर्मदेत बुडालेला, कुणी वीस वर्षं तुरुंगात काढून आलेला. मधे 'अच्छा' म्हणायचं नाही, नुसती मान हलवायची, समोरचा थांबला तरी आपण थांबून राहायचं, हे तो शिकला. लाखो लोक ऐकू लागले. बसस्टँडवर अनोळखी बायका त्याला म्हणत, "भैया, आप कितना अच्छा सुनते हो."

"असं नाही बाबा," तो आता म्हणाला.

"मंग कसं?"

"तुम्ही घरी बोलता तसं."

मोतीरामांनी विचार केला. खरोखरच केला, कपाळावर आठी आली. "घरी मी कुठं बोलतो?" ते म्हणाले. "हेच पाहिजे राहते न लोकायले? मले वाटलं तुले बी हेच पाहिजे."

त्यांनी पाणी मागितलं. एक घोट तीन वेळा थांबून गिळला आणि उठले. "चाल. तुयी आई वाट पाहून राहिली असंन."

संध्याकाळी अश्वजीतने सवयीने संगणकाला ते पहिलं मिनिट दिलं. यंत्राने खोली वजा केली, फ्रिज वजा केला, आणि नमुन्यात होता म्हणून श्वासही वजा केला. सवयीनेच त्याने ते मिनिट पुसलं. मग ऐकायला बसला. पाणी मागणं आणि मधली हळू आवाजातली वाक्यं श्वासाबरोबरच पुसून गेली होती. स्वच्छ, लखलखीत उरलं होतं ते फक्त 'हॅलोऽऽ'.

ऑपरेशनला साडेसात तास लागले.

मोतीराम घरी आले ते गळ्यावर पांढऱ्या कापडाचा पडदा लावून. अश्वजीतच्या आईने, कुसुमबाईंनी, जुनं मऊ धोतर फाडून तसे बारा पडदे शिवले. बाजारातून एक पाटी आणली. मोतीराम त्यावर ठळक अक्षरात लिहीत आणि लगेच पुसत. 'पाणी.' 'उशी.' 'दादाला सांगू नका.'

दादा म्हणजे रामराव, मोतीरामांचे थोरले भाऊ, अश्वजीतचे मोठेबाबा. मूळ गावी, पवनीला असत. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेले, डोळेही अधू झालेले. दर रविवारी दहा वाजता त्यांची सून बेबी फोन लावून त्यांच्या उशाशी ठेवी, आणि दोघे भाऊ पंधरा मिनिटं बोलत. रामरावांचं हृदय कमजोर होतं. धाकट्याचा आवाज गेला हे ऐकून त्यांचं काही झालं तर, एवढीच मोतीरामांना धास्ती होती. तीन रविवार कुसुमबाईंनी 'ह्यायचा घसा बसला' म्हणून निभावून नेलं. तिसऱ्या वेळी रामराव म्हणाले, "पुढच्या रविवारी आवाज नाही आला तं मी गाडीत झोपून येतो. मेलो तं मेलो रस्त्यात."

चौथ्या रविवारी पावणेदहाला मोतीरामांनी अश्वजीतला बोलावलं आणि पाटी त्याच्यासमोर धरली.

'बरा आहे. जेवलो. दिवाळीला येतो. माझ्या आवाजात बोल.'

अश्वजीतने पाटी वाचली. आईकडे पाहिलं.

"मले काहून पाहतं?" कुसुमबाई म्हणाल्या. "तुले येते न ह्यायचा आवाज. साऱ्या दुनियेले आयकवला. आता कामाचा आहे तं बोल."

त्यात टोमणा होता की नाही, ते त्याला कळलं नाही. मे महिन्याची सकाळ होती, पंखा गरगरत होता, तरी त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता. तीन वाक्यं त्याने मनात घोळवली. जोर कमी ठेवायचा, घसा बसल्यासारखा. मोतीराम पलंगावर त्याच्या शेजारी सरकून बसले आणि त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दहा वाजता फोन वाजला. अश्वजीतने स्पीकर सुरू केला, श्वास घेतला, आणि चारशे वेळा जे तोंडातून गेलं होतं तेच बाहेर पडलं.

"हॅलोऽऽ!"

गुडघ्यावरचा हात थिजला.

पाटीवर पहिला शब्द लिहिलेलाच नव्हता. तो लिहून द्यावा लागेल, असं मोतीरामांच्या मनातही आलं नसेल.

पलीकडे लांब कुठेतरी कोंबडा आरवत होता.

"बरा आहे दादा मी," अश्वजीत घाईने म्हणाला, हुबेहूब. "जेवलो. दिवाळीले..."

"अश्वजीत होय काय रे?"

त्याने पाटीकडे पाहिलं.

"मोत्यानं मले जिंदगीत हॅलो म्हटलं नाही," रामराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. "जित्ता आहे न तो?"

"हो मोठेबाबा."

"जवळ आहे?"

"इथंच बसले आहेत."

"आवाज गेला?"

अश्वजीतने वडिलांकडे पाहिलं. मोतीराम खाली फरशीकडे बघत होते.

"गेला," तो स्वतःच्या आवाजात म्हणाला.

कुसुमबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. मग पलीकडून खाटेची करकर ऐकू आली. म्हातारा कुशीवर वळण्याची धडपड करत असावा.

"मंग तू काहून बोलून राहिला?" ते म्हणाले. "त्याले दे फोन."

मोतीरामांनी फोन घेतला.

"जय भीम, मोत्या," रामराव म्हणाले.

मोतीरामांचे ओठ हलले. दोन्ही शब्द ओठांवर पुरते उमटले, आवाज कशाचाच आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग फोन तोंडापासून दूर केला, डाव्या हाताने गळ्यावरचा पांढरा पडदा बाजूला सारला आणि फोन श्वासाच्या छिद्राशी नेऊन धरला.

अश्वजीत उठला आणि त्याने पंखा बंद केला.