साडेतीनशेचा जीव, सहाशेचे झाकण

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे, मित्रांनो. संगणकाच्या पेटीत मागच्या कोपऱ्यात स्क्रूने आवळलेला लोखंडी डबा आणि त्यातून बाहेर आलेला वायरींचा जुडगा, तो मी. भिंतीतली वीज येते तशी संगणकाला सोसत नाही. ती आत घ्यायची, शांत करायची आणि ज्याला जेवढी हवी तेवढीच पुढे द्यायची, हे माझे काम. कोणाला बारा व्होल्ट, कोणाला पाच. कमी नाही, जास्त नाही. हा माझा रोजचा नेम होता. अकरा वर्षे तो मी पाळला. शेवटी कसा मोडला, तेच सांगायला बसलो आहे.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझ्या लेबलवर साडेतीनशे वॉट असे छापले होते, म्हणजे एका वेळी एवढेच ओझे मला झेपणार होते. मला ज्यांनी घरी आणले ते रेडिओ आणि टेप दुरुस्त करत. तुटलेले काहीही जोडून देत, म्हणून गल्लीत त्यांना जोडबाबा म्हणत. त्यांच्या लेकीला इमारतींचे नकाशे काढायला शिकायचे होते. बापलेकींनी एकेक भाग आणून खाटेवर मांडला आणि संगणक घरीच बांधला.

बाबांची एक पद्धत होती. पेटीत नवा भाग घालण्याआधी ते जुन्या कॅलेंडरच्या मागे बेरीज मांडत. बोर्ड किती वीज खाणार, डिस्क किती, पंखे किती. बेरीज माझ्या आकड्याच्या बरीच खाली आली, तरच तो भाग आत येई. "आधी खांदा बघावा, मग ओझं ठेवावं," असे ते लेकीला सांगत.

त्यांची बहीण, म्हणजे लेकीची आत्या, त्याच घरात राहत असे. भाजी निवडता निवडता ती म्हणे, "अरे, डबा आहे तो, जावई नाही. किती पारखशील?"

"जावई बिघडला तर समजूत घालता येते," बाबा मान वर न करता म्हणत. "हा बिघडला तर सगळं घर घेऊन बसेल."

मी बिघडलो नाही. लेकीचे शिक्षण झाले, ती घरी बसून नकाशे काढू लागली. माझे कौतुक कोणी केले नाही आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. आमच्या जातीचे असेच आहे. नीट चालतो तोवर आम्ही आहोत हे कोणाच्या ध्यानीमनी नसते.

नवव्या वर्षी माझा पंखा कुरकुरू लागला. तो माझ्या झाकणालाच जोडलेला होता आणि झाकणही गंजले होते. बाबांच्या फळीवर दुसऱ्या एका मेलेल्या सप्लायचे झाकण पडले होते. पंखा ठणठणीत, पत्रा चकचकीत. मला पेटीतून काढून त्यांनी ते मला बसवायचे ठरवले. एकच अडचण होती. त्या झाकणावर लेबल होते सहाशेचे. बाबांनी आतल्या बाजूला पेन्सिलने खरा आकडा लिहिला, झाकण बसवले आणि बाहेरचे लेबल झाकायला पांढऱ्या कागदाची पट्टी कापली. डिंकाची बाटली उघडणार, तोच आत्याने जेवायला हाक मारली. बाबा उठले, हात धुवायला गेले आणि मोरीतच कोसळले.

ते वाचले. पण उजवे अंग आणि वाचा दोन्ही गेली. खाट संगणकाच्या खोलीत आली. कागदाची पट्टी केरात गेली.

महिन्याभराने लेकीने मला पेटीत बसवायला घेतले. चकचकीत झाकणाखाली तिने मला ओळखले नाही. लेबल वाचले आणि तिचे डोळे भरून आले. "आत्या, बघ ना. बाबांनी माझ्यासाठी मोठा सप्लाय आणून ठेवला होता. बोलले नाहीत एका शब्दाने."

मला तोंड असते तर मी त्याच क्षणी ओरडलो असतो. पण पुढची दोन वर्षे ओझे जुनेच होते, म्हणून काही झाले नाही.

मग लेकीला एका कंपनीचे मोठे काम मिळाले. एका शाळेच्या इमारतीचे नकाशे आणि त्या इमारतीतून चालत फिरल्यासारखे दाखवणारी चित्रफीत. आठ महिने ती त्यावर राबली. गुरुवारी सकाळी काम दिले की कंपनीत कायमची जागा, असे तिथल्या साहेबांनी सांगितले होते. कायमची जागा म्हणजे बाबांच्या उपचारांची काळजी मिटणार होती. पण चित्रफीत करताना जुना संगणक धापा टाकू लागला. नवे भाग घेणे भाग पडले.

तिने घाई केली असे मी म्हणणार नाही. बाबांचीच लेक ती. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसेना, म्हणून बोर्ड बदलला. बोर्ड बदलला म्हणून मेमरीही बदलली. ग्राफिक्स कार्ड पेटीत मावेल का, हे पट्टी लावून पाहिले. आणि कॅलेंडरच्या मागे बेरीज मांडली. सव्वाचारशे. कार्ड हातात धरून तिने दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"ताई, सप्लाय कितीचा आहे?"

"सहाशेचा."

"जुना असेल तर एकदा उघडून बघा. लेबलं काय, कशीही असतात."

"आमच्याकडची नसतात," लेक हसून म्हणाली. "बाबांच्या हातचं आहे ते."

खाटेवर बाबा सगळे ऐकत होते. त्यांचा डावा हात उठला. पेटीकडे बोट झाले आणि घशातून आवाज येऊ लागला. पुन्हा पुन्हा, खाट हलेपर्यंत. लेक धावली, त्यांच्या केसांवरून हात फिरवला. "हो बाबा, हो. तुम्ही बांधलेली पेटी टाकून देत नाहीये मी. सप्लायसुद्धा तुमचाच ठेवणार आहे."

बाबांनी मान हलवली, नाही नाही म्हणून. आत्या म्हणाली, "लहान मुलासारखा हट्टी झालाय. औषधाची वेळ टळलीय त्याची." औषध दिले. हात हळूहळू खाली आला.

बुधवारी दुपारी लेकीने चित्रफीत तयार व्हायला लावली. ओझे अंगावर आले तेव्हाच मी ओळखले. तरी बारा व्होल्ट धरून ठेवले. तास झाला. माझ्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची पोटे फुगली, वायरींचे आवरण मऊ झाले. पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. दुसऱ्या तासाला आत काहीतरी फुटले आणि जी वीज मी जन्मभर आवरून धरली, ती तशीच पुढे गेली. मित्रांनो, तो क्षण मला सांगवत नाही.

"काहीतरी जळतंय गं," आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. "दूध नाही, दूध मी केव्हाच उतरवलंय."

बोर्ड गेला. कामाची डिस्क गेली. त्या कामाची नक्कल लेक दुसऱ्या डिस्कवर ठेवत असे, पण तीही याच पेटीत, माझ्याच वायरीवर होती. तीही गेली.

संध्याकाळी दुकानदार घरी आला. त्याने मला बाहेर काढून झाकण उघडले. मग ते झाकण उलटे करून त्याने लेकीच्या हातात दिले. बाबांचे अक्षर होते. "आत साडेतीनशेचा आहे. वरचे लेबल झाकणे." खाली तारीख, बाबा कोसळले त्याच दिवसाची.

लेक खाटेशी जाऊन खाली बसली. "तुम्ही हेच सांगत होतात," एवढेच म्हणाली. बाबांनी तोंड भिंतीकडे केले.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. लेक आता रोज एका कचेरीत जाऊन दुसऱ्यांचे नकाशे नीट करते. रात्रीचा दिवस करून काढलेले त्या शाळेचे नकाशे पुन्हा काढायला कोणी सांगितले नाही. मी खाटेखालच्या भंगाराच्या टोपलीत आहे, म्हणून मला सगळे ऐकू येते. बाबा आता कशाकडेच बोट दाखवत नाहीत. पाणी हवे असले तरी नाही.

लेकीने नवा सप्लाय आणून ठेवला आहे, अजून खोक्यातच. कामावर निघण्याआधी ती ते खोके बाबांसमोर धरते आणि विचारते, "बाबा, हा चालेल ना?" त्यांचा डावा हात हातात घेऊन थांबते. आत्यासुद्धा तेवढा वेळ भांडी वाजवत नाही. एकदा नेम धरला की तो कसा पाळायचा, हे लेकीला सांगावे लागत नाही. उत्तर अजून आलेले नाही. तिची बस रोज चुकते.

मित्रांनो, मला आता काही नको. माझे दिवस भरले. पण तुम्ही कोणावर नवे ओझे ठेवाल, तेव्हा वरचा आकडा वाचून थांबू नका, झाकण उघडून बघा. आणि तुमच्या घरात कोणी बोलता न येणारे माणूस हात उचलून काही सांगू पाहत असेल, तर त्याच्या मनातले तुम्हीच ठरवून मोकळे होऊ नका. हातातले काम खाली ठेवा, त्याच्याजवळ बसा. वेळ लागेल. लागू द्या.