एक झारी पाऊस

मी एक जुनी दरी आहे, मित्रांनो, पण टेबलावर मावेल एवढी. पावसाचे पाणी डोंगरावरून कुठे कसे वाहते ते कळावे, म्हणून सुताराने माझे लाकडी अंग बनवले, त्यावर प्लास्टर चढवले, रानांच्या जागी स्पंज बसवला आणि तळाशी ओढ्याकाठी गावातल्या खालच्या आळीची घरे म्हणून ठोकळे मांडले.

पहिल्या चाचणीला इंजिनिअरने माझ्यावर झारीभर पाणी ओतले. ते स्पंजाने पिऊन टाकले. लगेच दुसरी झारी ओतली. भिजलेल्या स्पंजात आता थेंबही मुरेना. सगळे पाणी ओढ्यात धावले आणि घरे तरंगू लागली. पण खालची आळी सुरक्षित असल्याचे वरिष्ठांनी आधीच जाहीर करून टाकले होते. म्हणून इंजिनिअर शिपायाला म्हणाला, "स्पंज नीट वाळवत जा. आणि इथून पुढे एकच झारी."

तेव्हापासून माझी निगा अशी राखली गेली की काही विचारू नका. लोक येत, एक झारी बघत आणि निर्धास्त होऊन जात.

एकदा इंजिनिअरची आत्या आली. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. ती खालच्या आळीत राहत असे.

"लेक म्हणते, माझ्याकडे राहायला ये. जाऊ का रे?"

त्याने झारी ओतली. "बघ, आलं का पाणी दारात?"

"नाही. पण अजून एकदा ओत ना. पाऊस काय एकदाच पडून थांबतो?"

"तुझं आपलं काहीतरीच, आत्या. स्वतःचा भाचा सांगतोय ना?"

आत्या उठली तर अख्खी आळी उठेल, हे त्याला पक्के ठाऊक होते. ती समाधानाने घरी गेली.

त्या वर्षी पावसाने लागोपाठ दोन दिवस झोडपून काढले. पहिल्या दिवशीचे पाणी रानांनी पिऊन घेतले, दुसऱ्या दिवशीचे आळीत शिरले. आत्या दाराआड सापडली. पाण्याने तिला दार उघडू दिले नव्हते.

चौकशी समिती आली. इंजिनिअरने डोळे पुसले, स्पंज कोरडा आहे ना ते चाचपले आणि एक झारी ओतली.

"पाणी यायलाच नको होतं," तो म्हणाला. "आत्यानेच ओढ्याला लागून भिंत घातली होती. तिथे तुंबलं."

समितीने माना डोलावल्या. जाताना माझ्या रंगकामाचे कौतुकही केले.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असे माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात. मी नाही सांगणार. खालच्या आळीत आता नवी माणसे राहायला येणार आहेत आणि त्यांना आधी माझ्यासमोर आणणार आहेत. तुमच्यापैकी कोणी त्या दिवशी जवळ असेल, तर चुकून धक्का लागल्यासारखे करा आणि मला टेबलावरून खाली पाडा.